गळती, ओल आणि कुजलेला गाभा : फायबरग्लासच्या लहान होड्यांच्या दुरुस्तीचा आढावा

फायबरग्लास हा पदार्थ स्वतः सहसा गळत नाही. काचतंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर देत घडवलेली भिंत नीट पक्की झालेली असेल, तर तिच्यातून पाणी आरपार येण्यास फारसा वाव उरत नाही. होडीत पाणी येते ते त्या भिंतीला नंतर पाडलेल्या भोकांतून, दोन स्वतंत्र साच्यांतून काढलेले भाग जिथे जोडले जातात त्या सांध्यांतून आणि आपटून किंवा वारंवार वाकून पडलेल्या तड्यांतून. चार ते सात मीटर लांबीच्या होड्या वापरणाऱ्यांच्या दोन नेहमीच्या तक्रारी असतात. पहिली म्हणजे तळाशी न थांबता साचणारे पाणी आणि दुसरी म्हणजे पायाखाली दबणारा डेक किंवा इंजिनाच्या भाराने हलणारी मागची भिंत. या दोन तक्रारी स्वतंत्र समजून पहिलीवर सीलंटची नळी आणि दुसरीवर मॅटचा आणखी एक थर असा उपाय सर्रास केला जातो. बहुतेक होड्यांत मात्र दुसरी तक्रार हे पहिलीचेच काही वर्षांनंतरचे रूप असते, आणि हा क्रम ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती एक-दोन हंगामांतच पुन्हा उकलते.

फायबरची म्हणवली जाणारी होडी मुळात कुजूच कशी शकते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू यांपासून लहान होडी घडवली. ती या प्रकारातील अगदी आरंभीच्या होड्यांपैकी एक मानली जाते. हा पदार्थ ताणाला चिवट असला, तरी वजनाच्या मानाने ताठ नाही. साध्या मॅटचा थर प्लायवुडपेक्षा दुपटीहून जड असतो, पण त्याच जाडीला वाकण्यास विरोध करण्याच्या बाबतीत प्लायवुडच्या पुढे जात नाही. उलट, कोणत्याही सपाट भागाची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा आठपट होतो. त्यामुळे दोन पातळ फायबर आवरणांच्या मध्ये एखादा हलका पदार्थ भरून जाडी वाढवणे हा स्वस्त व हलका मार्ग ठरला. मधल्या या पदार्थाला गाभा म्हणतात. डेकमध्ये तो प्लायवुडचा किंवा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या, तंतू उभे राहतील अशा आडव्या कापलेल्या चकत्यांचा असतो. इंजिन ज्या मागच्या उभ्या भिंतीवर अडकवतात त्या ट्रान्सममध्ये तो जवळजवळ नेहमी जाड प्लायवुडचा असतो, आणि तळावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या स्ट्रिंजर या तुळयांत फायबरने मढवलेले लाकूड असते. कुजते ते हे झाकलेले लाकूड. वरचे आवरण मात्र शेवटपर्यंत चकचकीत दिसू शकते.

अमेरिकी बनावटीच्या लहान होड्यांत गाभ्याखेरीज फोमची भर असते. १९५८ मध्ये बाजारात आलेल्या बॉस्टन व्हेलर होडीत दोन कवचांमधली सगळी जागा फोमने भरलेली होती. तिचे निर्माते डिक फिशर यांनी पाण्यावरच करवतीने होडीचे दोन तुकडे करून त्या तुकड्यांचे तरंगणे दाखवले होते आणि १९६१ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने त्याची छायाचित्रे छापली. पुढे १९७१ च्या अमेरिकी नौका-सुरक्षा कायद्याखाली वीस फुटांहून लहान मोटरहोड्या पाणी भरल्यावरही तरंगत राहिल्या पाहिजेत असे नियम झाले आणि डेकखाली फोम ओतण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. जीव वाचवणारी ही तरतूद योग्यच आहे. तथापि बंद पेशींचा फोमही वर्षानुवर्षे पाण्यात बुडून राहिल्यास पाणी शोषतो, तळाकडे उतरणाऱ्या पाण्याच्या वाटा अडवतो आणि स्ट्रिंजरना सतत ओलसर पांघरुणात ठेवतो. कुजलेल्या होड्यांच्या चर्चेत अमेरिकी अनुभवाचा वाटा इतका मोठा का, याचे एक कारण या रचनेत आहे.

कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान फायबर होड्यांची रचना याहून साधी असते. तळ व बाजू एकाच भरीव थराच्या, आत फायबरने मढवलेल्या आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्या, बसण्याच्या फळ्या आणि प्लायवुडचा ट्रान्सम, एवढाच तिचा सांगाडा. मासेमारीच्या, तसेच तारकर्ली-मालवण परिसरात पर्यटकांना नेणाऱ्या अशा होड्यांत कुजण्याचा प्रश्न संपूर्ण डेकभर पसरलेला नसून ट्रान्सम, पट्ट्या आणि पुढच्या-मागच्या लहान डेकांपुरता मर्यादित राहतो. दुसरीकडे, वाळूवर रोज ओढल्यामुळे तळाच्या कण्यावरचा थर झिजणे आणि लाटांत आपटून वळणांवर बारीक तडे जाणे या तक्रारी तलावातील होडीपेक्षा इथे कितीतरी अधिक असतात. परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

गळतीच्या वाटा शोधताना अनुभवी कारागीर प्रथम पाण्याची चव आणि वेळ पाहतात. खारे पाणी असेल आणि होडी स्थिर असतानाही साचत असेल, तर दोष पाण्याच्या रेषेखाली आहे. ते केवळ वेगात किंवा भार भरल्यावर येत असेल, तर ट्रान्समच्या वरच्या भागातील बोल्ट, बाजूचे सांधे किंवा वाकल्यावरच उघडणारा तडा संशयास्पद ठरतो. पाणी गोडे असेल, तर ते पावसाचे आहे आणि डेकवरच्या फिटिंगांतून उतरत आहे. या शेवटच्या प्रकाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण त्याने होडी बुडत नाही. परंतु लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणीच अधिक मानवते. त्यामुळे समुद्रात वापरलेल्या होडीचा गाभाही पुष्कळदा पावसाच्याच पाण्याने कुजलेला असतो.

पाण्याच्या रेषेखालचा पहिला संशयित म्हणजे पाणी सोडण्यासाठी ट्रान्समच्या तळाशी ठेवलेले बुचाचे भोक. हे भोक प्लायवुडच्या गाभ्यातून आरपार जाते आणि पितळी नळी सैल झाली की पाणी दोन्ही दिशांनी लाकडात शिरते. त्यानंतर इंजिनाचे बोल्ट, खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पट्टीचे स्क्रू, तळाच्या कण्यावर ठोकलेल्या धातूच्या पट्टीचे खिळे आणि ताज्या पाण्याच्या टाकीसाठी पाडलेली छिद्रे येतात. डेक आणि तळ असे दोन वेगळे भाग असलेल्या होडीत त्यांचा सांधा बाहेरून रबरी पट्टीने झाकलेला असतो. धक्क्याला घासून ही पट्टी दबली की तिचे स्क्रू सैल होतात आणि लाटेचे पाणी थेट आत येते. उत्पादकाने सांध्यात नुसते सीलंट भरले होते की आतून मॅटची पट्टी देऊन तो बांधला होता, यावर त्या होडीचे आयुष्य बरेचसे ठरते.

वाट नेमकी सापडण्यासाठी सर्वांत भरवशाची आणि बिनखर्ची रीत म्हणजे होडी बाहेर ओढून, आतून पूर्ण कोरडी करून, आतच पाणी भरणे आणि बाहेरून थेंब कुठे उमटतात ते पाहणे. या रीतीत एक धोका आहे. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, आणि होडी घडवलेली असते बाहेरून येणारा दाब सोसण्यासाठी. म्हणून तळाखाली चांगले रुंद आधार दिल्याशिवाय आणि थोडे-थोडे पाणी भरल्याशिवाय हा प्रयोग करू नये. थेंब स्पष्ट दिसावा म्हणून संशयित रेषेवर खडूची पूड लावून ठेवतात. बंद पोकळी असलेल्या होडीत दुसरी रीत उपयोगी पडते : झडपेतून फुंकणी-यंत्राने अगदी मंद दाबाची हवा आत सोडून बाहेरच्या सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, म्हणजे बुडबुडे जागा दाखवतात. ज्या ठिकाणी पाणी आत दिसते तेच त्याचे प्रवेशद्वार असेल असे मात्र धरता येत नाही, कारण दुहेरी आवरणाच्या होडीत पाणी स्ट्रिंजरच्या कडेने दोन-तीन मीटर वाहत जाऊन भलत्याच जागी प्रकट होते.

गाभ्यात शिरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे गाभ्याच्या जातीवर अवलंबून असते. प्लायवुडमधील तंतू आडवे असल्याने पाणी त्यांच्यातून दूरवर पसरते. बाल्साच्या उभ्या तंतूंमुळे ते बाजूला सरकण्यास वेळ लागतो, पण जिथे पोचते तिथे गाभ्याचा शेवटी लगदा होतो. कृत्रिम फोमचा गाभा कुजत नाही, मात्र सततच्या आपटण्याने त्याच्यापासून आवरण सुटते. कुजण्यासाठी बुरशीला हवा, ऊब आणि लाकडाच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून अधिक ओल लागते, व अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या आसपास तिची वाढ जोमाने होते. याच ओलीत बुडालेला स्टेनलेस स्टीलचा बोल्टही सुरक्षित राहत नाही. या पोलादाचे रक्षण करणारा पृष्ठभागावरचा पातळ थर टिकण्यासाठी प्राणवायू लागतो आणि ओल्या गाभ्यातील कोंडलेल्या भोकात तो मिळत नाही. त्यामुळे डोके चकचकीत असलेला बोल्ट मधोमध खाल्लेला निघतो. इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांबाबत ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे.

मऊ जागेची हद्द ठरवण्याचे मुख्य साधन अजूनही कान हेच आहे. प्लॅस्टिकच्या मुठीची छोटी हातोडी किंवा जाड नाणे घेऊन चार-पाच सेंटिमीटरांवर ठोकत गेल्यास निरोगी भाग टणत्कार देतो, आवरण सुटलेला भाग पोकळ वाजतो आणि ओला-कुजका भाग बद्द वाजतो. हा फरक ऐकू येताच पेन्सिलीने रेषा आखत गेले की डेकवर रोगाचा नकाशा तयार होतो. ओल मोजणारा मीटर या कामी मदत करतो, परंतु धातूची पट्टी, खारट पृष्ठभाग किंवा काही प्रकारचे रंग त्याला फसवतात, म्हणून त्याच्या आकड्यापेक्षा शेजारच्या जागांतील फरक महत्त्वाचा मानावा. शेवटचा निवाडा ड्रिलच्या टोकावर येणारा भुसा देतो. आतल्या बाजूने, बाहेरच्या आवरणाला धक्का न लावता, तीन-चार मिलिमीटरची भोके पाडत जावे. फिकट आणि कोरडा भुसा आला की हद्द संपली, काळपट आणि बोटांत दाबल्यावर पाणी सोडणारा आला की अजून पुढे जायचे. ही हद्द बहुधा पायाला जाणवणाऱ्या मऊ जागेहून पुष्कळ मोठी निघते, आणि खर्चाचा अंदाज चुकतो तो इथेच.

फोम भरलेल्या होडीत ठोकून फारसे कळत नाही. तिथे वजनकाट्याइतका प्रामाणिक साक्षीदार नाही. उत्पादकाने दिलेल्या कोरड्या वजनातून इंजिन व सामान यांचा हिशेब वजा-अधिक करूनही होडी शंभर किलोंनी जड भरत असेल, तर शंभर लिटरच्या आसपास पाणी आत दडलेले आहे असे समजण्यास हरकत नाही. असे पाणी भोके पाडून निथळवण्याने थोडेच बाहेर येते. भिजलेला फोम खरवडून काढण्याखेरीज त्यावर खात्रीचा इलाज नाही.

मऊ जागेवरच्या उपायांत सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वादग्रस्त उपाय म्हणजे वरून भोके पाडून पातळ इपॉक्सी ओतणे. इपॉक्सी हे दोन घटकांचे, पॉलिएस्टरपेक्षा महाग पण जुन्या पृष्ठभागाला कितीतरी घट्ट चिकटणारे रेझिन आहे. मिशिगनमधील बे सिटीच्या गूजन बंधूंनी १९६९ पासून लाकूड आणि इपॉक्सी यांच्या संयोगावर जे काम केले, त्यातून होड्यांच्या दुरुस्तीत या रेझिनला आजचे स्थान मिळाले. परंतु लाकडाच्या पेशी जर आधीच पाण्याने भरलेल्या असतील, तर रेझिनला शिरण्यास जागाच नसते. ते भोकाभोवती घट्ट गठ्ठे करून बसते आणि मधली कूज तशीच चालू राहते. द्रावक घालून रेझिन अधिक पातळ केले तर ते थोडे आत जाते, पण पक्के झाल्यावर त्याची ताकद आणि पाणी अडवण्याची क्षमता दोन्ही घटतात. गाभा कोरडा आहे, कुजलेला नाही आणि केवळ आवरण सुटले आहे, एवढ्या मर्यादित परिस्थितीत इंजेक्शनची रीत योग्य आहे. कुजलेल्या लाकडावर ती वापरणे म्हणजे पैसे घालून दोष अधिक खोल लपवणे होय, आणि होडी विकण्यापूर्वी हा उपाय विशेष दिसतो ही दुःखाची गोष्ट आहे.

खरा उपाय आवरण उघडून गाभा बदलण्याचा. तो वरून करावा की खालून, याबद्दल मतभेद आहेत. खालून केल्यास डेकची घसरू न देणारी नक्षी शाबूत राहते, पण ओले रेझिन डोक्यावर धरून काम करावे लागते आणि लहान होडीत तेवढी जागाही नसते. म्हणून या आकारासाठी वरूनच काम करणे शहाणपणाचे. मऊ भागाच्या हद्दीबाहेर सात-आठ सेंटिमीटर सोडून केवळ वरचे आवरण कापायचे, शक्य तर ते अखंड उचलून पुन्हा बसवण्यासाठी जपायचे, कुजका गाभा पटाशीने खरवडून खालचे आवरण घासून स्वच्छ करायचे आणि मगच सर्वांत दुर्लक्षित पायरीकडे, म्हणजे वाळवण्याकडे, वळायचे. वाळल्यानंतर नवा गाभा घट्ट केलेल्या इपॉक्सीच्या लेपात दाबून बसवतात. लेप घट्ट करण्यासाठी सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळतात, आणि हवा कोंडून राहू नये म्हणून गाभ्याच्या तुकड्यात आधीच बारीक भोके ठेवून वर वजने मांडतात. गाभ्यासाठी प्लायवुड घेतल्यास ते भारतीय मानक आयएस ७१० नुसार बनवलेले मरीन प्लायवुड असावे आणि त्याच्या कापलेल्या कडांना बसवण्यापूर्वीच इपॉक्सी पाजलेले असावे. फर्निचरच्या दुकानातले ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारे कोणतेही प्लायवुड इथे चालत नाही.

आवरण पुन्हा जोडताना ज्या एका आकड्याला बगल देता येत नाही तो म्हणजे उताराचा. पक्क्या झालेल्या जुन्या फायबरशी नवा थर रासायनिक रीतीने फारसा एकजीव होत नाही. तो खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला केवळ चिकटून राहतो, म्हणून चिकटण्याचे क्षेत्र मोठे हवे. जाडीच्या बारापट लांब उतार घासून काढणे ही मान्य रीत आहे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या आवरणाला कापाच्या चारही बाजूंनी सुमारे बहात्तर मिलिमीटरचा उतार. बहुतेक फसलेल्या ठिगळांत हा उतार दोन बोटांहून कमी आढळतो, कारण ग्राइंडरची धूळ आणि मेहनत कोणालाच नको असते.

पॉलिएस्टर की इपॉक्सी हा वाद किमतीमुळे मिटत नाही. किनाऱ्यावरचा कारागीर पॉलिएस्टरवर वाढलेला असतो. साधे ऑर्थोफ्थॅलिक रेझिन, दर चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट, मॅटच्या वजनाच्या सुमारे अडीचपट रेझिन आणि त्यात एक ते दोन टक्के हार्डनर, असे प्रमाण त्याच्या हाताला बसलेले असते. तळाच्या भरीव थरातील तडा उतार काढून याच साहित्याने बुजवला तर तो उत्तम टिकतो. जिथे लाकडाला चिकटायचे आहे, म्हणजे गाभा, ट्रान्सम आणि स्ट्रिंजर, तिथे मात्र पॉलिएस्टर कमी पडते, कारण पक्के होताना ते आकुंचन पावते आणि लाकडावरची त्याची पकड ओलीपुढे हळूहळू सुटते. एवढ्या भागापुरता इपॉक्सीचा जादा खर्च करणे हाच किफायतीचा मार्ग आहे. पण रेझिन बदलले की कापडही बदलावे लागते : साध्या मॅटचे तंतू धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधील स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे इपॉक्सीसोबत विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे. इपॉक्सीच्या थरावर पुढे पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, म्हणून क्रम उलटाही करता येत नाही.

ट्रान्समचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो, कारण इथली चूक म्हणजे इंजिन समुद्रात पडणे. चाळीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन सत्तर ते शंभर किलो वजनाचे असते आणि लाटेवरून उतरताना त्याचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. तपासणीची सोपी रीत अशी की इंजिन अर्धे वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर माणसाने भार द्यावा आणि दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहावे. ती कड वाकताना दिसली किंवा बाजूंशी मिळणाऱ्या कोपऱ्यांत केसासारखे तडे असले, तर गाभा गेला आहे असे धरून चालावे. दुरुस्तीत बाहेरचे आवरण तसेच ठेवून आतले कापतात, कुजका गाभा काढतात आणि दोन-तीन पातळ प्लायवुडे इपॉक्सीने एकमेकांवर चिकटवून एकूण अडतीस-चाळीस मिलिमीटरची जाडी साधतात. त्यानंतर कोपऱ्यांत गोलाई देऊन बाजूंवर आणि तळावर पसरत जाणारे थर चढवतात. परदेशांत पोकळीत ओतून घट्ट होणारे मिश्रणही यासाठी मिळते. त्याने काम लवकर होते खरे, पण जुना गाभा शेवटच्या तुकड्यापर्यंत निघाला की नाही हे वरच्या अरुंद फटीतून पाहता येत नाही, म्हणून आवरण कापण्याची रीतच अधिक विश्वासार्ह. ट्रान्समची वरची कड अनेक होड्यांत उघड्या प्लायवुडवर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून झाकलेली असते. ही पट्टी पावसाचे पाणी धरून ठेवणारी पन्हळ ठरते. ती काढून कड फायबरने बंद करणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

तळावर उठणाऱ्या फोडांची चर्चा या विषयात नेहमी होते, पण लहान होड्यांच्या संदर्भात तिला गरजेपेक्षा अधिक महत्त्व मिळाले आहे. रेझिनमधील पाण्यात विरघळणारे अंश जेलकोट या बाहेरच्या रंगीत थराखाली पाणी ओढून घेतात आणि व्हिनेगरसारख्या वासाचा द्रव भरलेले फोड येतात. ही क्रिया वर्षभर पाण्यात उभ्या असणाऱ्या मोठ्या नौकांत ठळक होते. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीत क्वचितच. मोजके फोड फोडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून इपॉक्सीच्या पुट्टीने भरले की पुरे.

गळती थांबवण्याचे अंतिम काम भोकांच्या नव्या मांडणीत आहे. गाभ्यातून जाणारे प्रत्येक भोक गरजेपेक्षा मोठे पाडून, त्याच्या कडेचे लाकूड थोडे कोरून, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावे आणि त्या भरावातून बोल्टाचे भोक पाडावे. असे केल्यास सीलंट पुढे फाटले तरी पाणी होडीत येईल, गाभ्यात जाणार नाही, आणि ही एक रीत पाळली असती तर वरच्या बहुतेक दुरुस्त्यांची वेळच आली नसती. सीलंटची निवडही विचाराने करावी. पुन्हा उघडावे लागणाऱ्या फिटिंगला ब्युटिलची पट्टी, पाण्याखालच्या कायम जोडाला पॉलियुरेथेन आणि पारदर्शक प्लॅस्टिकपासून दूर पॉलिसल्फाइड, अशी साधारण वाटणी आहे. बाजारात सहज मिळणारे सिलिकॉन मात्र होडीपासून लांबच ठेवावे, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे ना रंग बसतो ना रेझिन.

या कामातील आरोग्याचा प्रश्न किनाऱ्यावरच्या कार्यशाळांत फार हलक्याने घेतला जातो. हार्डनर म्हणून वापरल्या जाणाऱ्या पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. तेच पेरॉक्साइड आणि कोबाल्टचे ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होतो, म्हणून एक घटक रेझिनमध्ये पूर्ण ढवळल्यावरच दुसरा घालावा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क स्टायरिनची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारी डबी असलेला मास्क लागतो. पंधरा-वीस वर्षे उघड्या तोंडाने काचेची धूळ आणि वाफ घेणाऱ्या कारागिरांकडे पाहता, दुरुस्तीच्या कोणत्याही अंदाजपत्रकात चष्मा, हातमोजे आणि मास्क यांची रक्कम धरलीच पाहिजे.

राहिला प्रश्न वाळवण्याचा आणि कोकणापुरता तोच सर्वांत कठीण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने बंगालच्या उपसागरातील मत्स्य-कार्यक्रमाच्या सोबतीने उष्ण प्रदेशातील फायबर होड्यांच्या दुरुस्तीवर मार्गदर्शक पुस्तिका काढल्या, कारण थंड देशांतील सूचना इथल्या हवेत पुरत नाहीत. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते आणि मालवणच्या बाजूला पर्यटकांच्या होड्याही याच सुमारास ओढल्या जातात. दुरुस्तीला मोकळा वेळ मिळतो तो नेमका अशा महिन्यांत, जेव्हा हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. हवा ८५ टक्के दमट असेल तर छपराखाली ठेवलेले लाकूडही सतरा-अठरा टक्के ओलीवर येऊन थांबते. चिकटवण्यासाठी ते बारा ते पंधरा टक्क्यांवर उतरायला हवे, म्हणजे जुलैत उघडलेला ट्रान्सम कितीही दिवस तसाच ठेवला तरी आपोआप वाळणार नाही. त्यातच दमट हवेत पृष्ठभागावर न दिसणारे दव धरते आणि नवा थर त्या दवावर बसतो. मेमध्ये काम करावे तर तो महिना कमाईचा, आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी तर नारळी पौर्णिमेनंतरचा सुरुवातीचा हंगाम हातचा जातो. होडीवर पोट असणाऱ्याला यापैकी कोणतीही निवड सोपी नाही, आणि ओल्यावर ठिगळ मारले जाते ते अज्ञानापेक्षा याच कोंडीमुळे.

एकेका होडीमालकाच्या आवाक्यात याचे उत्तर नाही; बंदरावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या आवाक्यात ते असू शकते. झापांच्या शाकारणीखाली प्लॅस्टिक घट्ट लपेटून होडी ठेवल्याने आत दमटपणाच कोंडतो. त्याऐवजी पक्के छप्पर, सिमेंटचा ओटा, बाजूंनी बंद करता येतील असे दोन गाळे आणि विजेची जोडणी एवढी सोय असेल, तर हवेतील बाष्प शोषून घेणारे एखादे यंत्र आणि उष्ण दिवे लावून उघडलेला गाभा पावसाळ्यातही आवश्यक कोरडेपणापर्यंत आणता येतो. ओल मोजणारा मीटर, होडी उचलून तोलता येईल असा काटा आणि वाफेचे मास्क ही एकट्याला महाग पडणारी साधने तिथे सामायिक राहू शकतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रान्सम व डेक उघडून होड्या क्रमाने गाळ्यात घ्यायच्या, मीटरचा आकडा सलग काही दिवस स्थिर राहिल्यावरच नवा गाभा बसवायचा, आणि जुलैच्या अखेरीस होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी तिचे कोरडे वजन ट्रान्समच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये तोच काटा आत किती पाणी शिरले ते सांगेल.